हाडाले उजेड दाखवाचा नाई

माझ्यावर सगळ्यात जास्त उपकार कोणाचे, असं कोणी विचारलं तर मी पलस्तरवाल्या भाऊंचं नाव घेतो. आईबाबांना याचं वाईट वाटत नाही. बाबा तर स्वतःच म्हणतात, "आम्ही तुले जन्म देला. पायावर उभं केलं ते भाऊनं."

भाऊंचं खरं नाव दवाखान्याच्या हजेरीवहीत होतं आणि तिथंच राहिलं. आमच्या तालुक्याच्या सरकारी दवाखान्यात ते कागदोपत्री कक्षसेवक होते. पण चंद्रपूर जिल्ह्यातल्या सावलीपासून मूलपर्यंतच्या खेड्यांत कोणाचा हात मोडला, पाय मोडला, की लोक डॉक्टरांची चौकशी करत नसत. "पलस्तरवाले भाऊ ड्युटीवर आहेत का?" एवढंच विचारत. डॉक्टर येत, दोन-तीन वर्षं राहत, बदली होऊन जात. भाऊ तिथंच. नवीन डॉक्टर आठ दिवस भाऊंना शिकवी आणि नवव्या दिवसापासून भाऊंना विचारू लागे.

आता भाऊ नाहीत. निवृत्त झाल्यावर काही वर्षांनी ते घराच्या ओसरीत घसरून पडले आणि मांडीचं हाड खुब्यात जिथं शिरतं, तिथं मानेशी तुटलं. मी फिजिओथेरपिस्ट आहे. चंद्रपूरच्या एका खाजगी दवाखान्यात, खुब्याचं ऑपरेशन झालेल्या म्हाताऱ्या माणसांना दुसऱ्या दिवशी उभं करणं, हे माझं रोजचं काम. ज्या माणसानं मला उभं केलं त्याला आपल्या हातानं उभं करावं, एवढीच माझी इच्छा होती. त्यासाठी भाऊंनी ऑपरेशनला हो म्हणायला हवं होतं, आणि ते म्हणत नव्हते. का म्हणत नव्हते हे कळायचं असेल तर भाऊ कसे होते ते आधी सांगितलं पाहिजे.

त्यांची खोली व्हरांड्याच्या टोकाला होती. एक उंच बाकडं, पाण्याची बादली, भिंतीला टेकवलेलं लाकडी कपाट. सगळ्यावर पलस्तराची पांढरी भुकटी. भाऊंच्या भुवयांवरसुद्धा. रोगी बाकड्यावर निजला की त्यांचं पहिलं वाक्य ठरलेलं असे : "पंखा बंद करा."

मे महिन्यात चंद्रपूर जिल्ह्यात पंखा बंद करा म्हणणारा माणूस शत्रूच वाटतो. पण भाऊ ऐकत नसत. पंखा बंद झाला की नातेवाइकांची तोंडं बंद करायची, मग मोबाईल. सगळं शांत झालं की ते डोळे मिटत आणि दोन बोटं हाडावरून हळूहळू सरकवत नेत. मुंगी चालावी तशी. एका जागी बोटं थांबत.

"हां. इथी रुसलं."

हाड तुटलं, असं ते कधीच म्हणाले नाहीत.

"तुटलं का गा भाऊ?" रोग्याचा बाप घाबरून विचारी.

"तुटते ते काच. हाड रुसते. रुसलेल्याले गोंजारून जागेवर बसवाचं, आन् मंग त्याच्या वाटेले जायाचं नाई."

एक्स-रे नंतर येई. डॉक्टर तो उजेडाला धरत आणि भाऊ तोंड फिरवून बादलीकडं बघत. "तुमीच पाहा साहेब. मी बरोबर का चूक, तेवढं सांगा." ते बहुतेक वेळा बरोबरच असत.

तोंड फिरवण्याचं कारण सगळ्या दवाखान्याला ठाऊक होतं. ज्या माणसाचं सगळं आयुष्य हाडांत गेलं, त्याला उघडं हाड बघवत नसे. लग्नाच्या पंगतीत ते मटणाचा नुसता रस्सा घेत. सिस्टरबाई त्यांना मुद्दाम छेडत, "भाऊ, नळी घ्या नं! तुमच्याच खात्याची आहे." भाऊ ताट उचलून दुसऱ्या रांगेत जाऊन बसत. अपघातात हाड कातडी फाडून बाहेर आलेला रोगी आला, की त्याला चंद्रपूरला पाठवायची गाडी निघेपर्यंत भाऊ आवारातल्या कडुनिंबाखाली पाठ करून उभे राहत आणि पट्ट्या गुंडाळत. नोकरी लागल्यावर पहिल्याच आठवड्यात असलं काही बघून ते चक्कर येऊन पडले होते, असं सिस्टरबाई सांगत. भाऊंना विचारलं तर एकच उत्तर मिळे : "हाडाले उजेड दाखवाचा नाई. त्याचं काम अंधाराचं आहे."

पलस्तरावर काढायची तारीख लिहायची पद्धत असते. भाऊ तारीख लिहीत नसत. तारखा कोणाच्या लक्षात राहतात? ते निळ्या पेनानं मोठ्या अक्षरांत लिहीत : 'पोळा झाल्यावर'. 'धान कापून झाल्यावर'. एका नवऱ्या मुलाच्या हातावर त्यांनी 'हळदीच्या आधी नाही' असं लिहिलं होतं. हळद काय पलस्तराला लावायची, म्हणून त्याच्या सासरच्यांनी लग्नच पुढं ढकललं.

आषाढात आमच्याकडे धानाची रोवणी, म्हणजे भाताची लावणी, जोरात असते, तेव्हा भाऊंच्या खोलीत वेगळीच गर्दी होई. मनगट मोडलेल्या बाया पलस्तर घेऊन घरी जात, चार दिवस बसत आणि पाचव्या दिवशी धानाच्या बांधीत उतरत. दिवसभर चिखलपाण्यात हात बुडवल्यावर पलस्तर भिजून, फुगून, गळून जाई. मग उरलेल्या दोन पट्ट्या घेऊन त्या परत येत. अशा एका बाईचं आणि भाऊंचं बोलणं मी स्वतः ऐकलं आहे.

"पलस्तर कुठी गेलं वं बाई?"

"गेलं नं भाऊ बांधीत."

"मी तं हाताले बांधलं होतं. तू रोवून आली का?"

"मंग काय करू? दहा जणीनं मिळून गुत्ता घेतला. मी घरी बसली तं माह्या वाट्याची रोवणी कोण करन?"

"चांगलं केलं. दिवाळीले पलस्तराचे लोंबं निघन."

"निघन तं सूपभर तुमालेच आणून देईन."

खोलीतले सगळे हसले. भाऊ मात्र बादलीत नवी पट्टी बुडवत गंभीरपणे म्हणाले, "पहिले रगत साचते, बाई. चिखलणी केल्यावानी. त्या चिखलात कोवळं हाड उगवते, पऱ्ह्यावानी मऊ. त्याले हलवलं का मेलं. मंग ते हळूहळू पिकते, टणक होते. तू पऱ्हे रोवते तवा दुसऱ्या दिवशी उपटून पाह्यते का, मूळ धरलं का नाई म्हणून?"

"नाई."

"मंग इथी काऊन उपटून राह्यली?"

बाईनं हात बाकड्यावर ठेवला. पुढं कॉलेजात जुळणाऱ्या हाडाच्या पायऱ्या पाठ करताना मला काहीच नवीन वाटलं नाही. साखळणारं रक्त, मऊ हाड, टणक हाड, आणि मग वर्षभर चालणारी घडण. शेताचा बांध नीट करावा तशी, म्हणून भाऊ हिला 'धुरा सरळ करणं' म्हणत. फक्त नावं इंग्रजी होती.

पण भाऊंना हेही कळत होतं की समजावून सांगितल्यानं रोवणी थांबत नाही. म्हणून रोवणीच्या दिवसांत रविवारी ते सायकल काढत आणि बांध्या-बांध्यांनी फिरत. धुऱ्यावर उभे राहून ओरडत, "पलस्तरवाल्या बायाइनं हात वर करा!" ओणव्या रांगेतून दोन-चार हात वर येत. युरियाच्या पिशवीत घालून, सायकलच्या ट्यूबनं आवळून भाऊंनीच बांधलेले. मग ते गुत्ता, म्हणजे रोवणीचा ठेका, घेतलेल्या टोळीच्या म्होरक्या बाईशी भांडत : हिला पऱ्ह्याच्या पेंढ्या वाटायचं काम द्या, ती एका हातानं होते. आणि ते काम मिळेपर्यंत धुऱ्यावरून हलत नसत.

त्यांच्या कपाटावर बांबूचे दोन तुकडे असत, एक हिरवा आणि एक वाळका. लहान मुलाला घेऊन रडत आलेल्या आईच्या हातात ते हिरवा देत. "तोड." ती जोर लावी. बांबू वाके, एका अंगानं तंतू फाटत, पण दोन तुकडे होत नसत. "हे तुह्या लेकराचं हाड." मग वाळका देत. तो काडकन तुटे. "हे तुह्या सासूचं." रडता रडता बाई हसे, आणि तेवढ्यात भाऊंनी पोराचा हात सरळ केलेला असे.

मी त्यांच्याकडे पहिल्यांदा गेलो तो स्ट्रेचरवरून. तेव्हा मी नुकताच बारावी सायन्स झालो होतो. घरात बारावी झालेला पहिलाच. बाबा मूलच्या राईस मिलमध्ये पोती वाहत, आई मजुरीला जाई. पुढं काय शिकायचं हे सांगणारं आसपास कोणी नव्हतं. म्हणून आमच्याकडची सगळी पोरं करतात तेच मी करत होतो, वनरक्षकाच्या भरतीसाठी पहाटे उठून धावणं. श्रावणातल्या एका पहाटे मागून मोटारसायकलनं उडवलं आणि नडगीचं हाड मोडलं. भाऊंनी मांडीपर्यंत पलस्तर घातलं आणि वर लिहिलं, 'मंडई पाहून काढायचे'. मंडई म्हणजे दिवाळीनंतर गावोगाव भरणारी आमची जत्रा. भरतीचं मैदान मात्र दिवाळीच्या आधी होतं.

"भाऊ, पंधरा-वीस दिवस आधी नाई का निघणार?"

"तुह्या हाडानं भरतीचा फॉर्म नाई भरला, बाबू."

मी ऐकलं नाही. दोन मित्र घेतले, विहारामागच्या नळावर पलस्तर भिजवलं आणि विळ्यानं कापून काढलं. आतून निघालेला पाय माझा वाटत नव्हता. पिंडरी वाळून काठी झाली होती. तरी मी चार दिवस लंगडत चाललो आणि पाचव्या दिवशी शाळेच्या मैदानावर धावायला लागलो. अर्धी फेरीसुद्धा झाली नाही.

पुन्हा तेच बाकडं. "पंखा बंद करा." मी शिव्यांची वाट बघत होतो. बोटं सरकत आली, त्याच जागी थांबली आणि तिथंच राहिली. भाऊ बराच वेळ डोळे उघडेनात. शेवटी बाबाच बोलले, "भाऊ, याचा पाय नाई, डोस्कं मोडलं. त्याले पलस्तर मारा."

"डोस्क्याले पलस्तर नाई चालत. त्याले काम लागते." मग माझ्याकडं वळून म्हणाले, "इंग्रजी येते का तुले?"

कपाटातून त्यांनी एक जाडजूड पुस्तक काढलं. बदली होऊन गेलेल्या कोण्या डॉक्टरांनी मागं सोडलेलं, हाडांवरचं. पुठ्ठा निघालेला, वर पट्टीचा कागद गुंडाळलेला. भाऊ सातवी शिकलेले. ते पुस्तक कित्येक वर्षं त्यांच्याकडं होतं आणि त्यात काय लिहिलंय हे त्यांना कळायचा मार्ग नव्हता. "मी एवढी वर्षं हातानं ओळखून राह्यलो. ते याच्यात तसंच आहे का, तेवढं पाह्यचं आहे."

मग मी रोज सकाळी दूधवाल्याच्या गाडीवर मागं बसून, पाय आडवा धरून दवाखान्यात जाऊ लागलो. घरी बसवत नव्हतं. मित्र मैदानावर गेले होते. शाळेतून मागून आणलेला शब्दकोश मांडीवर ठेवून मी एकेक ओळ लावायचा. एका पानाला दोन दिवस लागत. चित्र आलं की भाऊ त्यावर एक्स-रेचं रिकामं पाकीट ठेवत. "चित्र झाक. अक्षरं वाच."

प्रत्येक पान संपलं की ते निकाल देत. "पास." एखाद्या पानाला, "काठावर पास." पुस्तकाची परीक्षा चालली होती आणि तपासनीस सातवी पास होता.

जन्मलेल्या बाळाच्या अंगात तीनशेच्या आसपास हाडं असतात आणि मोठ्या माणसात दोनशे सहाच उरतात, हे वाचलं त्या दिवशी त्यांचं कामात लक्ष लागेना. "मंग बाकीचे कुठी जाते?"

"कुठंच नाही. दोन-तीन हाडं एकमेकांत मिळून एक होतात. आणि बाळाची बरीचशी हाडं आधी कुरकुरीत कूर्चाच असतात. तिचंच हळूहळू हाड बनत जातं. वीस वर्षं चालतं ते."

आठवडाभर ते प्रत्येक आईला सांगत होते, "तुह्या पोट्ट्याजवळ तुह्यापेक्षा जास्त हाडं आहेत, मालूम?" एक बाई म्हणाली, "म्हणूनच एवढा मस्ती करते का?"

रक्त हाडांच्या पोकळीत तयार होतं, हे वाचलं तेव्हा मात्र त्यांनी हातातली पट्टी खाली ठेवली. मग हळूच म्हणाले, "पाह्य. अंधारात." आणि पुस्तकाला हात जोडले.

एकच पान त्यांनी नापास केलं. त्यावर लिहिलं होतं की म्हातारपणी मांडीच्या हाडाची मान तुटली तर बहुधा ती जुळत नाही. वरच्या गोळ्याला रक्त नेणाऱ्या नळ्या त्या मानेला चिकटूनच वर जातात. हाड सरकलं की त्याही तुटतात आणि गोळा उपाशी राहतो.

"पुन्यांदा वाच." मी तीनदा वाचलं. भाऊ लाल झाले होते. "चुकलं. थंड राह्यलं तं हाड जुळतेच. हे लिहिणाऱ्यानं वाट नाई पाह्यली." त्यांनी पानाचा कोपरा दुमडला आणि पुस्तक मिटलं. त्या दिवशी पुढं वाचन झालं नाही.

माझा पाय जुळला, या खेपेला मंडई होऊन गेल्यावर कितीतरी दिवसांनी. पण तोवर मला भरतीची आठवण येईनाशी झाली होती. "हे चालवाचं काम शिकवते का गा कुठी?" असं भाऊंनीच डॉक्टरांना विचारलं आणि फिजिओथेरपीचा फॉर्म त्यांनीच आणून दिला. नागपूरला कॉलेजच्या पहिल्या दिवशी ते एसटीनं माझ्यासोबत आले. शरीररचनेच्या वर्गाच्या दारात एक सांगाडा टांगलेला होता. भाऊ जिन्यातच थांबले, भिंतीकडं तोंड करून. "तू जा. मी इथीच आहो." तास संपून मी बाहेर आलो तेव्हा ते तसेच, तिथंच उभे होते.

ते पडल्याचं मला त्यांच्या मुलीनं फोनवर सांगितलं. सावलीजवळच्या खेड्यात ते तिच्याकडंच राहत होते. तिनं एक्स-रेचा फोटो पाठवला. मान तुटून गोळा सरकलेला होता. दुमडलेल्या कोपऱ्याचं तेच पान.

मी फोन केला. "भाऊ, ऑपरेशन—"

"चंद्रपूरले पाऊस आहे का?"

"आहे. भाऊ, ऐका, ऑपरेशन केल्याशिवाय—"

"इथी नाई," म्हणून त्यांनी फोन मुलीला दिला. असं तीनदा झालं. म्हणून मी पत्र लिहिलं. आयुष्यात मी त्यांना लिहिलेलं ते एकच पत्र. त्यात कळवल्याप्रमाणे रविवारी मित्राची गाडी घेऊन मी त्यांच्या दारात उभा राहिलो.

भाऊ खाटेवर निजलेले होते. पाय हलू नये म्हणून दोन्ही बाजूंना रेती भरलेल्या पिशव्या, स्वतः सांगून लावून घेतलेल्या. उशाशी पत्र होतं.

"वाचलं मी," ते म्हणाले. "तुहं अक्षर सुधरलं."

"मग निघायचं?"

"पंखा बंद कर."

मी बंद केला. मुलगी आत गेली. भाऊंनी डोळे मिटले आणि म्हणाले, "मले भेव लागते."

त्यांच्या तोंडून हा शब्द मी कधी ऐकला नव्हता.

"कापतील. हाड बाहीर काढतील, उघडं. मी पडून राहीन आन् ते चार माणसाइत, लाइटाखाली. मले नाई सहन होत, बाबू. लोकाइले नको सांगू."

आज मी सांगतो आहे. त्यांनी मला माफ करावं.

घाबरलेल्या म्हाताऱ्यांना समजावण्यात मी हुशार समजला जातो. दवाखान्यात इतर लोक थकले की मला बोलावतात. त्या दिवशी मला येत होतं ते सगळं मी बोललो. भाऊ शांतपणे ऐकत होते, एखाद्या चांगल्या विद्यार्थ्याचं उत्तर ऐकावं तसं. मग म्हणाले, "आणखी सहा हप्ते पाह्यतो. जुळलं तं जुळलं." मुलीनं पदर तोंडाला लावला. मी चहा घेतला. गाडी रिकामी परत आली.

सहा हप्ते ते खरंच हलले नाहीत. मी एक रविवार सोडून एक जात होतो. पाठीला जखमा होऊ नयेत म्हणून कसं धरायचं, छातीसाठी श्वास कसा घ्यायचा, हे मुलीला शिकवलं. मुदत संपली त्या दिवशी भाऊ म्हणाले, "आता तू पाह्य." मी डोळे मिटले आणि एका हाताची बोटं खुब्यावर ठेवून दुसऱ्या हातानं त्यांचा पाय अगदी थोडा फिरवला. आत काय हलतं आहे ते मला कळलं. मी डोळे उघडेना.

"सांग."

"नाही जुळलं, भाऊ."

"हां." त्यांनी पायाजवळची रेतीची पिशवी हातानं बाजूला सारली. मग म्हणाले, "तं ते पान पास करून टाक."

मी लगेच आमच्या डॉक्टरांना घेऊन आलो. पण तोवर छाती कफानं भरत आली होती, आणि या खेपेला ऑपरेशनला नाही म्हणाले ते डॉक्टर. धान निसवून लोंबं बाहेर येत असताना भाऊ गेले.

रोज सकाळी मी वॉर्डात जातो. कोणी एक म्हातारा खाटेच्या काठाला बसलेला असतो, पाय खाली सोडून, माझ्या मनगटाला घट्ट धरून. "उठा बाबा," मी म्हणतो. तो उठतो. कधी रडतो, कधी मला शिव्या देतो, पण उठतो. नातेवाईक टाळ्या वाजवतात. दर वेळी मला वाटतं, हे इतकं सोपं आहे, आणि ते एकाच माणसाच्या बाबतीत मला जमलं नाही. भाऊ उभे राहिले असते तर केवढे दिसले असते हे मला अजून रोज डोळ्यांपुढं आणता येतं. उंच होते ते.

पत्र टाकण्याआधी मी त्याचा मोबाईलवर फोटो काढून ठेवला होता. ते पत्र असं :

*तीर्थरूप भाऊंना सादर नमस्कार.*

*फोनवर तुम्ही पावसाचं विचारता, म्हणून लिहितो आहे. पत्र मध्येच कापता येत नाही. रागावू नका.*

*तुमचा एक्स-रे मी पाहिला. तुम्ही पाहिला नसणार हे मला माहीत आहे, म्हणून मीच सांगतो. मान पूर्ण तुटली आहे आणि गोळा जागेवरून सरकला आहे. त्याला रक्त मिळत नाही. तुम्ही कितीही थंड राहिलात तरी ते जुळणार नाही. यात तुमच्या हाताची चूक नाही आणि तुमच्या धीराचीही नाही. त्या जागी वाटच तेवढी अरुंद आहे.*

*गोळा काढून त्याच्या जागी धातूचा गोळा बसवतात. तासा-दीड तासाचं काम आहे. कमरेत सुई देतात, कमरेखालचं दुखत नाही. तुमच्या छातीपुढं हिरवा पडदा लावतात. पडद्यापलीकडचं तुम्हाला काहीही दिसणार नाही. तरी मी डोळ्यांवर पट्टी बांधायला सांगितलं आहे. डॉक्टर हसले, पण हो म्हणाले. मी आत तुमच्या डोक्याशी उभा राहणार आहे, त्याचीही परवानगी घेतली आहे. पलीकडं काय चाललं आहे ते मी एका शब्दानंही सांगणार नाही. आपण दुसरं काही बोलू. तुमचा डोळा लागला तर मी गप्प बसेन.*

*दुसऱ्या दिवशी मी तुम्हाला उभं करीन. दुखेल. खोटं बोलत नाही. पण मी धरलेलं माणूस आजवर पडलेलं नाही.*

*रविवारी सकाळी दहापर्यंत गाडी घेऊन येतो. पाय लांब ठेवता यावा म्हणून मागच्या सीटवर गादी घातली आहे. ताईंना तुमची दोन धोतरं आणि चष्मा पिशवीत भरून ठेवायला सांगा.*

*भाऊ, मला आता काम येतं. रोज अनोळखी माणसं माझ्या खांद्यावर हात ठेवून चालायला लागतात आणि घरी निघून जातात. एकदा तुमचा हात माझ्या खांद्यावर असावा असं फार वाटतं. फार चालू नका. वॉर्डाच्या दारापर्यंतसुद्धा नको. दोनच पावलं टाका. तिसरं नाही टाकलं तरी चालेल.*

*तुमचाच.*